चष्मेवाला मोर

मगरीच्या जिभेला लाल रंग देऊन नाथाजींनी ब्रश पुसायला घेतला, तेवढ्यात धोंडुबाई येऊन खुर्चीत बसलीसुद्धा.

"अहो, रंग ओला आहे," नाथाजी म्हणाले. पण वडूजच्या वाचनालयात 'शांतता राखा' या पाटीखाली त्यांची सगळी नोकरी झाली होती. त्यांचा आवाज कुणाला ऐकू जात नसे.

खुर्चीचे दोन्ही हात म्हणजे जिभा बाहेर काढलेल्या दोन मगरी. पाठीला मोर, त्याला चष्मा. चार पायांत चार तऱ्हेची पायताणं कोरलेली : कोल्हापुरी चप्पल, लष्करी बूट, खडाव आणि बायकी सपाता. शेजारची धोंडुबाई हे सगळं वाकून वाकून बघत हसत सुटली. हसताना तिच्या कमरेत काहीतरी कट्‌कन वाजलं आणि संक्रांतीपासून वाकडी चालणारी बाई सरळ उभी राहिली.

"आगं बया! कंबार सुटली की माजी!" तिनं तळहात पाहिले. लालभडक. "आन् देवीनं कुक्कू बी दिलं!"

खरं तर खुर्ची नाथाजींच्या बायकोसाठी, लीलाबाईंसाठी होती. नाथाजींनी मुलगी विट्याच्या एका सोनं गाळणाऱ्याला दिली होती. त्याचं दुकान मद्रासला. दुष्काळाच्या पहिल्या साली तिथंच ती बाळंतपणात गेली. तार आली तेव्हा तिसऱ्या दिवसाचे विधीही उरकले होते. ती ऐकून लीलाबाई आतल्या खोलीत जाऊन बसल्या, त्या बसल्याच. बोलणं नाही, ओसरीवर पाऊल नाही. साताऱ्याच्या डॉक्टरांनी टॉनिक दिलं. सांगलीच्या डॉक्टरांनी त्याहून महाग टॉनिक दिलं.

गमतीदार, रंगीत सामान भोवती असलं की खचलेलं मन उभारी धरतं, असं नाथाजींनी एका मासिकात वाचलं. छापलेलं सगळं खरं नसतं, हे त्यांना नोकरीमुळं चांगलं ठाऊक होतं. तरी त्यांनी वाचनालयाची मोडीत निघालेली कपाटं घरी आणली आणि करवत हातात धरली. आधी सशाच्या कानांचं स्टूल झालं, मग पोट सुटलेल्या हत्तीचं टेबल. लीलाबाईंनी सशाच्या कानांवर ओलं लुगडं वाळत टाकलं. एवढी तरी दाद मिळाली, अशी नाथाजींनी समजूत करून घेतली. खुर्चीला मात्र त्यांनी वर्ष घातलं.

दुष्काळ नुकताच सरला होता आणि त्याबद्दल आभार मानायला गावाला कुणीतरी हवंच होतं. गुरुवारी ओसरीवर पहिला नारळ फुटला. अंबूबाई खोकला घेऊन आली, गुंडा पैलवान खांदा घेऊन आला. मगरी गंगामाईच्या ठरल्या, मोर सरस्वतीचा. चष्म्याशी घोडं अडलं होतं. तेही उपसरपंच हिंदुरावांनी हाकललं.

"देवी समदं बघती," ते म्हणाले. "बारीक अक्षार सुदीक."

"ती गंमत आहे हो," नाथाजी पुटपुटले. "हसायसाठी केलीय."

"देवाम्होरं हसायचं आसतंय व्हय, नाथाजीराव?"

रंग वाळला, तसं हाताला कुंकू यायचं बंद झालं. देवी कोपली. कुणाचा तरी विटाळ झाला असणार, म्हणून खुर्चीवर बसायला बंदी झाली. हसायला होतीच. मग कमिटी झाली, आणि कमिटीनं ठरवलं की देवीला असं खाजगी ओसरीवर ठेवणं बरं नव्हे. खुर्ची वाजतगाजत देवळात न्यायची आणि भोवती लोखंडी गज ठोकायचे.

"न्या," नाथाजी म्हणाले. "पण आधी घरातल्या माणसाला एकदा बसू द्या. तिच्यासाठीच..."

"खुळं का काय तुमी?" हिंदुराव म्हणाले. "देवीच्या मांडीवर बायकू बसवताय?"

नाथाजी ओसरीवरच्या करवंट्या गोळा करू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हलगी कडाडली. चौघांनी फेटे सावरून खुर्चीला हात घातला. गुलाल उधळला. एवढ्यात घरातून कुणीतरी ओसरीवर आलं.

लीलाबाई होत्या. उजेडानं डोळे किलकिले झालेले, अंबाडा सुटलेला. गलका कसला म्हणून बघायला आल्या होत्या. त्यांनी खुर्चीचे पाय पाहिले, मगरी पाहिल्या आणि मोराकडं नजर जाताच थबकल्या. मोराच्या चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली कोरली होती. इतक्या भक्तांपैकी कुणालाच ते दिसलं नव्हतं. त्यांनी वळून नवऱ्याकडं पाहिलं. नाथाजींनी खाली मान घातली. त्यांच्या कानामागून चष्म्याच्या दोऱ्याचं टोक लोंबत होतं.

लीलाबाईंच्या तोंडून हुंदक्यासारखं काहीतरी निघालं. ते हसू होतं. त्या मटकन खुर्चीत बसल्या आणि हसू लागल्या. खांदे गदगदा हलू लागले, केस तोंडावर आले, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

हलगी थांबली आणि दुप्पट जोरानं सुरू झाली. "आलं! आंगात आलं!" धोंडुबाई ओरडली. लिंबं आली, हळद आली. गुंडा पैलवान लोळण घेता झाला. नाथाजी पुढं सरसावले, पण त्यांना कुणी जुमानलं नाही.

हिंदुरावांनी हात वर करून गर्दी शांत केली. ते खुर्चीपुढं गुडघ्यांवर बसले, हात जोडले आणि अशा वेळी विचारायचं ते रीतसर विचारलं, "कोण आलंय? आई, कुठनं आलीस?"

लीलाबाईंनी पदरानं डोळे पुसले. हिंदुरावांच्या डोक्यावरून त्या नाथाजींकडं बघत होत्या.

"आतल्या खोलीतनं," त्या म्हणाल्या. "लय लांब हाय, बाबा."