तिसरं पंक्चर

चंदीगडच्या गुळगुळीत सायकल ट्रॅकवर एका सकाळी भास्करच्या सायकलला तीन पंक्चर? तीही नेमकी सुनीतीला धाप लागल्यावरच? तिनं वाकून त्याचा टायर दाबला. टणक होता.

"हार्टचं ऑपरेशन होऊन वर्ष झालंय माझं," ती नाशिकहून सोबत आलेल्या सगळ्या सायकल ग्रुपसमोर कडाडली. "माझी कीव करून थांबत असाल तर मी आजच नाशिकला परत जाते."

भास्कर ओशाळला. "तुझ्यासाठी नाही गं. मलाच झेपत नाहीये."

हीसुद्धा थापच असणार! तिनं त्याचं मनगट पकडलं, घड्याळाकडे बघत अर्धं मिनिट नाडी मोजली आणि दुप्पट केली. एकशे बावन्न.

"बस खाली, गाढवा!"

वर्षभर सगळ्यांनी तिलाच पाणी आणून दिलं होतं. तिनं आपली बाटली उघडून त्याच्यापुढे धरली.