गुरुजींची क्लिप

"जयभीम मंडळी. मला करोना झाला व्हता. दवाखान्यात गेलो नाय, घरीच काढा घेतला, आता ठणठणीत हाय. कुणी भिऊ नका."

पाचोडच्या साहेबराव गुरुजींनी ही क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली आणि चौथ्या दिवशी ते गेले. क्लिप मात्र गावोगाव फिरत राहिली.

त्यांची मुलगी रूपाली शहरात कोविड वॉर्डात नर्स. एके दिवशी सिल्लोडहून एका बाईला अगदी शेवटच्या घटकेला आणलं. "इतके दिवस घरी का ठेवलं?" रूपाली ओरडलीच. बाईच्या मुलानं मुकाट मोबाईल पुढं केला. पप्पांचा आवाज! संध्याकाळी बाई गेली.

त्या दिवसापासून रूपाली दिसेल त्या ग्रुपवर लिहायची, "हे माझे वडील. ते वारलेत. ही क्लिप पाठवू नका." तरी रोज सकाळी ती कुठून तरी पुन्हा यायचीच.

पप्पांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला रूपाली घरी आली. आईचा फोन चार्जिंगला लावताना तिला दिसलं. रोज सकाळी क्लिप पाठवत होती ती आईच.

"आई, तू? अगं, हे ऐकून माणसं मरायलीत!"

गीताबाईनं फोन छातीशी धरला.

"तुझे पप्पा गेल्याचं ज्यांना ठाऊक नाय, त्यांना पाठवते. ते लिहितात, 'गुरुजी बरे झाले, लई चांगलं झालं.' गावात आता मला तसं कोण म्हणणार गं?"