इंजिनचं काम

जुनी चारचाकी क्वाड बाईक स्वस्तात मिळतेय, फक्त इंजिनचं काम आहे, असं कळल्यावर मेकॅनिक ती बघायला गेला. अंगणात गाडीला खेटूनच विकणाऱ्याचे वडील चाकांच्या खुर्चीत बसले होते. त्यांच्या सदऱ्यावर सांडलेला चहा वाळला होता आणि त्यावर माश्या बसत होत्या, पण त्या हाकलायची लेकाला शुद्ध नव्हती.

"बाबांची गाडी. विकायचं ठरवलं आणि नेमकी त्याच दिवशी बंद पडली. त्यांना काही विचारू नका, त्यांना आता काही कळत नाही," असं म्हणून लेक फिदीफिदी हसला. "दोन्ही भंगार एकदम नेणार असाल, तर भाव आणखी कमी करतो!"

मेकॅनिकला शिसारी आली. तो वाकला, त्याने इंजिनपाशी हात घालून चाचपलं, मग मान वर करून एकदा म्हाताऱ्याकडे बघितलं.

"इंजिन पार कामातून गेलंय. फुकट दिलीत तरी कुणी नेणार नाही. राहू द्या इथेच, बाबांच्या डोळ्यांसमोर."

लेक चरफडत घरात गेला.



निघताना मेकॅनिकने म्हाताऱ्याच्या मांडीवरची चादर त्याच्या हातांवर नीट ओढली. म्हाताऱ्याच्या मुठीतून गाडीचा काढून घेतलेला स्पार्क प्लग डोकावत होता.