आत्ता पाहणारे

“ताई, तुला म्हटलं होतं, गुरुवार नको, दर गुरुवारी वीज जाते. शुक्रवारी बोलवू,” संतोष दाराआड कुजबुजला.

“वीज गेली म्हणून पाहुण्यांना कोणी परत पाठवतं का?” अपेक्षा म्हणाली. “आपल्याकडे इन्व्हर्टर आहे.”

“खालच्या मजल्यावर नाहीये.”

“तिथं चाचणीचे, बॅटरी गेलेले जुने फोन तर ठेवलेत तू. त्यांना काय उकडतंय?”

संतोषने कपाळ पुसलं. धाकटा पहिल्यापासून घाबरट. पण प्रेक्षक गोळा करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही, असं ती सगळ्यांना कौतुकाने सांगायची.

हिंजवडीची पक्की नोकरी सोडून तिने वारज्यात ही कंपनी काढली होती. मोबाइलच्या खेळात जीव संपला की जाहिरात पाहायची, मग नवा जीव मिळतो. त्या जाहिराती ही भावंडं पुरवत. ती जाहिरातदार गाठायची, तो प्रेक्षक. बघता बघता प्रेक्षक ब्राझील, इजिप्त, इंडोनेशियापर्यंत पोचले. आता मुंबईच्या सरोजिनीबाईंनी भांडवल घातलं तर कंपनी तरणार होती, नाहीतर दिवाळीआधीच कुलूप.

सरोजिनीबाई जिने चढून आल्या होत्या. पाणीसुद्धा न घेता त्यांनी विचारलं, “मागचे आकडे पाहिले मी. छान आहेत. आत्ता, या क्षणी, किती जण बघताहेत?”

अपेक्षाने मोठ्या ऐटीत पडदा त्यांच्याकडे वळवला. ‘आत्ता पाहणारे’च्या पुढे शून्य होतं.

“ब्राझीलमध्ये रात्र आहे,” संतोष घाईने म्हणाला.

“मान्य. इजिप्तमध्ये?”

“सकाळ. लोक कामाला निघाले असतील.”

“आणि इंडोनेशियात?”

“जेवत असतील.”

“अख्खा देश एका पंगतीला? शिस्तीची माणसं दिसतात.” बाईंनी पर्स उचलली.

“थांबा ना,” अपेक्षा कळवळून म्हणाली. “माझ्या भावाने रक्त आटवून हे प्रेक्षक मिळवलेत. पडदाच अडकला असेल. थोडा वेळ द्या मला.”

“ताई, जाऊ दे ना त्यांना.”

अपेक्षाला त्याचा भयंकर राग आला. सगळं हातातून निसटत होतं आणि हा पाहुण्यांना वाट दाखवत होता! “तू गप्प बस,” ती म्हणाली.

बाई पुन्हा टेकल्या.

मग लिफ्ट घरघरली. जिन्यातला दिवा लागला. खाली कोणीतरी “आली, आली!” म्हणून ओरडलं.

आणि पडद्यावर ब्राझील, इजिप्त, इंडोनेशिया एकदम खेळायला बसले.