नववी ब हसते

भिंतीपलीकडे नववी ब पुन्हा हसली.

आभाचा खडू फळ्यावर थांबला. तिच्या वर्गातली मुलं भिंतीकडे बघत होती, शेजारच्या घरी लग्न असावं तशी. तिने डस्टर टेबलावर आपटलं. माना खाली गेल्या. तिच्या वर्गाला एवढंच पुरायचं.

पलीकडे शमाचा तास होता. गणिताच्या तासाला मुलं इतकी हसतात कशाला, हेच आभाला कळत नव्हतं. ती स्वतः एकोणीस वर्षं विज्ञान शिकवत होती. गेल्या महिन्यात तिने घरून ठरवून एक विनोद आणला होता, कर्नाळ्याच्या सुळक्यावर आणि गुरुत्वाकर्षणावर. वर्ग शांत राहिला. मग इराने हात वर करून विचारलं होतं, मॅडम, हे परीक्षेला आहे का?

मुलं तिच्याकडे काहीच घेऊन येत नसत. शाळेच्या तक्रार समितीची ती प्रमुख होती. जिन्याजवळच्या फलकावर तिचं नाव आणि मोबाइल नंबर होता. दर महिन्याच्या अहवालात ती ‘निरंक’ लिहून सही करत असे.

शमा जूनमध्ये लागली होती. जुन्या पनवेलमधल्या मोहल्ल्यातून रिक्षाने यायची. नववी ब मधली आयत तिच्याच गल्लीतली, ती तिच्याबरोबर असायची. आभा शमाचं सगळं टिपत असे. ओढणी सावरण्याची पद्धत, फळ्यावरचं अक्षर आणि अलीकडे तो पारदर्शक प्लास्टिकचा पाऊच. दिवाळीनंतर शमाने पर्स आणणं सोडलं होतं. डबा, किल्ल्या, मोबाइल, डोकेदुखीच्या गोळ्या, सगळं त्या पाऊचमध्ये लोकांना दिसेल असं. दुसरी कुणी असती तर गबाळी वाटली असती. शमाला तेही शोभायचं. नवीन पनवेलच्या एका दुकानात आभाने तसाच पाऊच हातात घेऊन पाहिला होता आणि स्वतःवरच चिडून परत ठेवला होता.

दिवाळीच्या सुट्टीआधी शमा एकदा प्रयोगशाळेत आली होती. आभा परीक्षानळ्या धूत होती. शमा दाराशीच उभी राहिली. नववी ब बद्दल जरा बोलायचं होतं, असं म्हणाली. आली मिरवायला, असं आभाला वाटलं. तिने नळ बंद केला नाही.

“बोलायचं काय त्यात? शेजारीच तर असते मी. रोज ऐकू येतं सगळं.”

“सगळं?” शमाने विचारलं.

“सगळं. मजा करतात मुलं. करू दे.”

शमाने ओढणी सावरली. मग बरं मॅडम म्हणून गेली. तो दिवस आभाला चांगला गेला होता.

आजचा दिवस मात्र सकाळीच बिघडला होता. मुख्याध्यापिका सुनंदा मॅडमनी तिला बोलावून घेतलं. दहावीचा वर्ग दरवर्षी आभाकडे असे. पुढच्या वर्षी तो शमाला देऊन बघू, असं त्या म्हणाल्या. मुलं रमतात तिच्याकडे, माझ्या केबिनपर्यंत हसू येतं. आभाने मान डोलावली. शमाची नोकरी अजून कायम नव्हती, आणि दहावी तिला.

भिंतीपलीकडे हसू पुन्हा उसळलं. आभाने खडू ठेवला, मुलांना धड्याखालचे प्रश्न सोडवायला सांगितले आणि ती बाहेर पडली. ही बाई करते तरी काय, ते एकदा बघायचंच होतं.

नववी ब चं मागचं दार अर्धं उघडं होतं. ती दाराआड उभी राहिली.

शमा फळ्यावर समीकरण लिहीत होती. वर्गाची नजर समीकरणावर नव्हती. सगळे टेबलावरच्या पाऊचकडे बघत होते. मागच्या बाकावरून एक बारीक आवाज सुरू झाला. टक्, टक्, टक्. जीभ टाळूला लावून कुणीतरी घड्याळ वाजवत होतं. मग पुढचा बाक, मग सगळी रांग. भिंतीपलीकडे पोचण्याइतका तो मोठा नव्हता. आयत तिसऱ्या बाकावर होती. तिचे ओठ मिटलेले होते. शेजारणीने तिच्याकडे पाहिलं, तशी तिनेही जीभ टाळूला लावली.

शमाचा हात थांबला नाही. फक्त तिचे खांदे किंचित वर आले.

“मॅडम, तो डबा जरा लांब ठेवा ना, फुटेल,” इंद्रजीत म्हणाला. “आमच्या घरचे वाट बघतायत.”

आणि वर्ग हसला. हेच ते हसू होतं. आभाला ते पाठ होतं.

शमा वळली. तिच्या चेहऱ्यावर नेहमीचं स्मित होतं. आभाने ते स्टाफरूममध्ये किती वेळा पाहिलं होतं. गेल्या आठवड्यात आरशासमोर उभं राहून तसं हसूनही पाहिलं होतं.

तिने दार ढकललं. तिला पाहून नववी ब गप्प झाली, तिला पाहून सगळेच वर्ग होत तशी. कुणीही जागचं हलायचं नाही, असं तिने सांगितलं आणि शमाला बाहेर बोलावलं. शमा पाऊच छातीशी धरून व्हरांड्यात आली.

हे कधीपासून चाललंय, आभाने विचारलं. सहामाही परीक्षेपासून, शमा म्हणाली. तेव्हा ते पर्सकडे बघून करायचे. आतलं सगळं दिसलं की थांबतील, असं तिला वाटलं होतं.

“आणि तुम्ही गप्प बसलात?” आभाचा आवाज चढला. “समिती आहे. मी आहे. माझ्याकडे यायचं नाही?”

शमाने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, नुसतं कोडं होतं.

“आले होते ना मॅडम. तुम्ही म्हणालात, रोज ऐकू येतं सगळं. मजा करतात, करू दे.”