फिसकटलेला ठसा

भोईवाड्यातल्या भिंतींवर संयुक्त महाराष्ट्राची बंदी असलेली पत्रकं चिकटवून कोणीतरी खळीचा डबा तिथेच टाकून पळालं. डब्यावर अंगठ्याचा एक ठसा सापडला. मोर्च्यात पकडून, बोटांचे ठसे घेऊन सोडलेल्या चाळीस जणांचे कागद आणि तो डबा पोलिसांतले ठसेतज्ज्ञ कमलाकांत तळपदे यांच्या टेबलावर आले. गिरणीत झिजलेली बोटंसुद्धा अर्ध्या तासात जुळवणारा माणूस, अशी त्यांची ख्याती.

अकराव्या कागदावर नाव होतं दुर्गा साळवी. पण अंगठ्यावरचा तो तिरका व्रण तळपद्यांनी भिंगाशिवाय ओळखला. पापलेट कापताना विळी लागली होती, तेव्हा हळद त्यांनीच दाबली होती. त्यांच्या लेकीने, बेबीने, पोलिसांना खोटं नाव सांगितलं होतं. डब्यावरही तोच व्रण होता.

लगेच नाही म्हटलं तर संशय येईल, म्हणून ते भिंग घेऊन तीन तास खाली मान घालून बसले. मग डबा घेऊन साहेबांच्या खोलीत गेले.

"खळीत ठसा फिसकटलाय, साहेब. जुळवता नाही येणार."

साहेबांनी डब्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.



"फिसकटलेला ठसा तुम्ही एरवी पाच मिनिटांत परत पाठवता, तळपदे. घरी कोण कोण असतं तुमच्या?"