दोघं भाऊ

"खाडी दिसली की थांबव रे, आपल्याला कसली घाई?" पहिलीपासूनचा दोस्त शऱ्या माझ्याच गाडीतून मला रमतगमत कोकण दाखवत होता. वर ऐकवत होता, "आपल्यात कुठली आलीय जात?"

संध्याकाळी मुक्कामाच्या घरी काकूंनी पायरीवरच पाण्याचा तांब्या पुढे केला. "आडनाव काय म्हणालात?"

"परांजपे. दोघं भाऊ," शऱ्यानं ठोकून दिलं आणि मला कोपर मारलं. "उगाच कटकट नको."

आयुष्यात पहिल्यांदा मला भाऊ म्हणाला, तेही माझं आडनाव पुसून.

"काकू, हा परांजपे. मी बनसोडे."

तांब्या मागे गेला. "अगोबाई, खोलीत एकाचीच सोय आहे हो."

मी गाडीकडे वळलो. शऱ्या धावत मागे आला, डिकी उघडून त्यानं स्वतःची तेवढी बॅग काढली.

"सकाळी इथूनच घेशील ना मला?"